सरांना सांगू नकोस

मोडक सरांचा देह यंत्रात सरकवायचं काम दुसऱ्या कुणाकडे सोपवावं, असं वृषाली भंडारेला एकदा वाटून गेलं. विभागात तिच्या हाताखाली दोन तंत्रज्ञ होते आणि तिने नुसतं म्हटलं असतं तरी त्यांनी ते केलं असतं. पण ज्या माणसाने आपल्याला नवऱ्याच्या मरणातून हाताला धरून बाहेर काढलं, त्याची शेवटची सेवा आपल्याच हातून व्हावी, असं तिच्या मनाने घेतलं. म्हणून सोमवारी सकाळी साडेनऊला तिने स्वतः चादर सारखी केली, सरांचं डोकं साच्यात नीट बसवलं आणि पलंग आत सरकवला.

मिरजेतल्या त्या वैद्यकीय महाविद्यालयात आता नियमच झाला होता. देहदान झालेला प्रत्येक देह विद्यार्थ्यांच्या टेबलावर जाण्याआधी डोक्यापासून पायापर्यंत एमआरआय करून नोंदवायचा. वृषाली चोवीस वर्षं एमआरआयचंच काम करत होती. जिवंत माणसं आत गेल्यावर हलतात, खोकतात, घंटी दाबतात. सर अर्थातच हलले नाहीत.

सर शनिवारी गेले होते, आणि कसे गेले ते एव्हाना सगळ्या गावाला ठाऊक झालं होतं. हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी दोन दिवसांची मुदत दिली होती. सरांनी आपल्या वर्गातल्या सगळ्यांना घरी बोलावून घेतलं. साठ-पासष्ट माणसं हॉलमध्ये, जिन्यात, गॅलरीत दाटीवाटीने बसली. सर उशीला टेकून एकेकाची विचारपूस करत होते. "आता बोलताना दम लागतो. तुम्ही बोला, मी ऐकतो," असं म्हणाले, आणि चारच्या सुमाराला ऐकता ऐकताच गेले. चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. खाली उतरताना एक म्हातारे गृहस्थ म्हणाले होते, "असं मरण बघायला मिळालं, हेच आपलं भाग्य."

तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक रघुवीर मोडक निवृत्तीनंतर दर गुरुवारी ग्रंथालयाच्या सभागृहात एक वर्ग घेत. त्याचं नाव त्यांनी 'मृत्युचिंतन' ठेवलं होतं. गावाने मात्र त्याला 'निरोपाचा वर्ग' करून टाकलं. ज्यांचा आजार बरा होणारा नाही अशी माणसं आणि त्यांचे घरचे तिथे येत. सर देवाधर्माचं काही सांगत नसत. ते म्हणत, "तुम्ही जन्मायच्या आधी लाखो वर्षं जग होतं आणि तुम्ही नव्हता. त्या नसण्याचं तुम्हाला दुःख आहे का? मग पुढच्या नसण्याचं का असावं?" आणि वर्ग संपताना हमखास येणारं त्यांचं वाक्य होतं, "भीती म्हणजे चुकलेलं गणित. गणित सुधारा, भीती आपोआप जाते. माझी गेली, तुमचीही जाईल."

पडद्यावर सरांचा मेंदू थरथराने उलगडत होता. वृषालीच्या नजरेने सवयीने एकेक गोष्ट टिपली. वयामुळे आकसलेला भाग, एका बाजूला जुनी बारीक रक्तगाठ, सगळं ऐंशीच्या घरातल्या माणसाला शोभेल असं. मग कानशिलांच्या आतल्या अंगाला, खोलवर, दोन डाग आले.

तिने चित्र मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं. ज्वारीच्या दाण्याएवढे दोन डाग. एक डावीकडे, एक उजवीकडे, आरशात पाहिल्यासारखे सारखे. कडा गोल, नेमक्या. मेंदूतला रक्तस्राव असा दोन्ही बाजूंना मोजून मापून होत नाही. गाठीही अशा येत नाहीत. असे डाग एकाच गोष्टीने पडतात, आणि ती गोष्ट शेजारच्याच खोलीत होती.

तिथे एक शिरस्त्राण होतं. त्याच्या आत ध्वनिलहरी सोडणारी हजारेक बारीक तोंडं बसवलेली. हा ध्वनी माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. उन्हाळ्यात पोरं भिंगाखाली ऊन गोळा करून कागद जाळतात, तसंच हे. प्रत्येक लहर एकेकटी कवटीतून, मेंदूतून निरुपद्रवीपणे निघून जाते. पण हजार लहरी जिथे एकत्र येतात, तेवढा एकच बिंदू तापतो. ना सुरी, ना टाका. हात थरथरणाऱ्या रोग्यांसाठी हे यंत्र आलं तेव्हा वृषालीच त्याची पहिली चालक होती. पुढे शास्त्रज्ञांनी त्या लहरींचा रोख दुसरीकडे वळवला. मेंदूत दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराची एकेक गाठ असते. विभागात सगळे तिला 'बदामगाठ'च म्हणायचे. माणसाला भीती वाटते ती तिच्यामुळे. सुरुवातीच्या प्रयोगात या गाठीचा गाभा जाळून टाकत. अलीकडे जाळत नाहीत, सहा महिन्यांपुरता मंद करतात. चार वर्षांपूर्वी हा भयशमनाचा उपचार पुण्यात सुरू झाला आणि गेल्या वर्षी मिरजेत आला. मंगळवारी आणि शुक्रवारी.

जाळल्याचे डाग उरतात. मंद केल्याचे उरत नाहीत. म्हणजे सरांनी हे फार पूर्वी, प्रयोगाच्या काळात करून घेतलं होतं.

वृषाली खुर्चीत मागे टेकली. आणि मग तिला संमतिपत्रातला सातवा मुद्दा आठवला. तो ती आठवड्यातून दोनदा रुग्णांना मोठ्याने वाचून दाखवायची: *या उपचारानंतर दुसऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरची भीती आपल्याला ओळखता येणार नाही. राग, दुःख, आनंद ओळखता येईल. भीती येणार नाही. असा चेहरा आपल्याला साधा, कधी कधी शांत भासेल.*

तिने यंत्र बंद केलं. पण जागची उठली नाही.

साडेतीन वर्षांपूर्वी उमाकांतच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. तो रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता. सबंध आयुष्य रुळांच्या कडेला उन्हातान्हात काढलेला, अंगापिंडाने भक्कम, बोलायला कमी. डॉक्टरांनी सहा-सात महिने सांगितले. त्या दिवसापासून उमाकांतला भीतीने धरलं. जेवताना घास हातातच राहायचा. वृषाली कामाला निघाली की दारापर्यंत यायचा आणि काहीतरी निमित्त काढून थांबवायचा. "अगं, छत्री घेतलीस का?" उन्हाळ्याचे दिवस आणि छत्री.

डॉक्टरांनीच सुचवलं होतं, पुण्याला एक नवा उपचार आहे, जाऊन या. वृषालीने सरांना विचारलं. विद्यार्थिदशेत तिने त्यांची दोन वर्षं व्याख्यानं ऐकली होती, त्यांच्या शब्दावर तिचा जीव होता. सर हसले होते. "यंत्राने घालवलेली भीती गेलेली नसते वृषाली, ती चोरीला गेलेली असते. माणूस स्वतः विचार करून मोकळा होतो तेव्हाच तो मोकळा. त्याला वर्गात घेऊन ये."

पुणं राहिलं. उमाकांत वर्गात जाऊ लागला. पहिल्या बाकावर बसायचा, सर सांगतील ते वहीत उतरवून घ्यायचा, घरी येऊन पाठ करायचा. आजूबाजूची माणसं दोन-चार महिन्यांत निवत जाताना त्याला दिसत होती, निदान तशी वाटत होती. तो मात्र काही केल्या निवेना.

"मलाच जमत नाही बघ," तो म्हणायचा. "डोक्याला सगळं पटतं गं. सर सांगतात ते खोटं नाही. पण पोटात कळ आली की सगळं पुसलं जातं. मीच कुठेतरी कमी पडतोय."

"अहो, सराव करा," ती म्हणायची. "सर म्हणतात तसा श्वास मोजा."

शेवटच्या महिन्यात सर दोनदा घरी आले. उमाकांतसमोर बसले, त्याचा हात हातात घेतला, बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. उमाकांतचे डोळे विस्फारलेले होते, ओठ ताणलेले, मानेच्या शिरा उठलेल्या. वृषालीला हे सगळं स्पष्ट दिसत होतं. बाहेर आल्यावर सर चपला घालता घालता म्हणाले, "चेहरा बघितलास त्याचा? किती निवळलाय. तयार झालाय तो."

आणि वृषालीने त्यांचं ऐकलं. स्वतःच्या डोळ्यांवर तिने विश्वास ठेवला नाही. आपण प्रेमापोटी घाबरलोय, म्हणून आपल्याला त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसते, सरांना खरं ते दिसतं, अशी तिने स्वतःची समजूत काढली. त्यानंतर उमाकांत काही बोलू लागला की ती हसून म्हणायची, "काही नाही, तुम्ही आता तयार आहात. सर म्हणाले." हळूहळू उमाकांतने बोलणंच सोडलं. तो भिंतीकडे तोंड करून पडायला लागला.

गेला त्या दुपारी त्याने तिचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की पुढे चार दिवस वळ राहिले. ती श्वासाचे आकडे मोजत होती, मोठ्याने, त्याने मागोमाग म्हणावे म्हणून. आकडे म्हणायचं सोडून तो म्हणाला, "सरांना सांगू नकोस."

तिने सांगितलं नाही. शांतपणे गेले, असंच तिने सरांना सांगितलं. सरांनी मान हलवली, आणि पुढची तीन वर्षं वर्गात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ते भंडारेंचं उदाहरण देत राहिले. मग तिच्याकडे वळायचे. "वृषाली, तूच सांग." ती उभी राहून सांगायची.

त्या संध्याकाळी वृषाली सरांच्या घरी गेली. सुधाकाकू हॉलमधल्या दिवाणावर बसल्या होत्या. शेजारपाजारच्या बायका नुकत्याच उठून गेल्या असाव्यात, स्टीलचे पेले तसेच पडले होते. काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "झालं का सगळं तिकडचं?"

"झालं. काकू, सरांनी बदामगाठीचा उपचार कधी करून घेतला?"

काकू दचकल्या नाहीत. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "देह देऊ नका म्हणून किती सांगितलं होतं मी. मशीनमध्ये सगळं दिसतं, हे त्यांच्या लक्षातच यायचं नाही. कशाची भीतीच नव्हती ना."

"कधी?"

"अकरा वर्षं झाली. बंगळूरला. पहिला झटका आला होता त्यांना तेव्हा. वाचले, पण माणूस पार बदलून गेला. आंघोळीला आत गेले की मी दाराबाहेर उभं राहून बोलत राहायचं. माझा आवाज थांबला की ओरडायचे. आयुष्यभर पोरांना मरणाचं तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस गं! एक ओळ कामाला आली नाही. शेवटी कुठूनतरी त्या प्रयोगाचं कळलं. बेचाळीस जण होते त्यात. दीड तासात झालं सगळं. बाहेर आले आणि म्हणाले, सुधा, भूक लागलीय."

"आणि मग वर्ग सुरू केला."

"लगेच नाही. वर्षभराने. आधी म्हणायचे, सांगायला हवं लोकांना. पुढे म्हणायला लागले, विचार खरा असला तर तो कुणाच्या तोंडून आला याला काय महत्त्व? दोन आणि दोन चार हे घाबरट माणसाने सांगितलं म्हणून पाच होतात का? मी काय बोलणार? मला ते हसताना दिसत होते, तेवढं पुरे होतं."

"पण 'माझी भीती विचाराने गेली' हे खोटं होतं, काकू. दर गुरुवारी. माझ्या नवऱ्यासमोर. पुण्याला जाऊ नका, हे त्यांनी आम्हाला सांगितलं. स्वतः जाऊन आलेल्या माणसाने."

काकूंनी पुढ्यातले पेले एकात एक घातले.

"आणि दुसरं. चेहऱ्यावरची भीती दिसत नाही, हे त्यांना माहीत होतं? की त्यांच्या लक्षातच आलं नाही?" वृषालीचा आवाज इथे पहिल्यांदा चिरकला. काहीतरी सुटका मिळावी, सरांना ठाऊक नव्हतं एवढं तरी कुणी म्हणावं, म्हणूनच ती खरं तर इथवर आली होती.

"गेल्या वर्षी माझ्या छातीत गाठ लागली हाताला," काकू म्हणाल्या. "तपासणीचा निकाल यायला आठ दिवस. ते आठ दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. हे समोर बसून चहा प्यायचे आणि म्हणायचे, आज प्रसन्न दिसतेस. गाठ साधी निघाली. पण त्या आठ दिवसांत मी या घरात एकटी होते, वृषाली."

"काकू, माहीत होतं का त्यांना?"

"होतं. बंगळूरच्या कागदावर लिहिलेलं होतं. खाली त्यांची सही आहे."

वृषाली उठली. काकूंनी तिचा हात धरला. "रविवारी शोकसभा आहे. तू बोलणार आहेस उमाकांतवर. शेकडो माणसं त्यांच्याकडे बघून धीर धरून आहेत गं. जिवंत माणसांचा विचार कर. ते आता गेले."

"उमाकांतही गेलेत, काकू," ती म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

घरी जायच्या ऐवजी तिने रिक्षा मुजावर गल्लीकडे वळवायला सांगितली. राबियाभाभी तिथे राहायच्या. तीस वर्षं त्यांनी दवाखान्यात येणाऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी खानावळ चालवली. फुप्फुसं आता कडक होत चालली होती, नाकाला चोवीस तास ऑक्सिजनची नळी. निरोपाच्या वर्गात त्या आठ महिने येत होत्या आणि गेले दोन महिने येणं शक्य नसल्यामुळे वृषालीच आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जाऊन बसायची. भयशमन त्यांनाही सुचवलं गेलं होतं. 'सर नको म्हणतात' म्हणून त्यांनी नकार दिला होता. दुसरा उमाकांत होऊ द्यायचा नाही, एवढंच वृषालीच्या डोक्यात होतं.

तिने सगळं सांगितलं. डाग, बंगळूर, काकूंचं बोलणं, सगळं. राबियाभाभी पलंगावर बसून ऐकत होत्या. त्यांची मुलगी शबाना दारात उभी होती.

"सर घाबरत हुते?" भाभींनी विचारलं.

"खूप."

"आन् मशीननं घालवलं."

"हो."

वृषालीला वाटलं होतं, त्यांना हायसं वाटेल. त्यांचा चेहरा मात्र आक्रसत गेला. "तुमी कशाला सांगितलं मला हे?" त्या म्हणाल्या. दम लागत होता, तरी थांबल्या नाहीत. "मला जमाय लागलं हुतं. सरांकडं बघून म्या म्हनायची, एवढा शिकलेला मानूस, त्याला जमलं, तर मलाबी जमंल. शनवारी त्ये गेले त्येचा व्हिडिओ शबानानं दावला. चार येळा बघितला. आन् आज तुमी येऊन म्हनता, त्ये समदं मशीन हुतं. मग मी आता कुनाकडं बघू?"

"भाभी, मला वाटलं, तुम्हाला खरं कळायला हवं..."

"तुमच्या नवऱ्याला कळाय पायजे हुतं. मला न्हवं. तुमी त्येचं देनं माझ्या घरात आनून टाकलं." त्यांना खोकल्याची उबळ आली. शबाना धावत आत आली, आईची पाठ चोळता चोळता वृषालीकडे न बघता म्हणाली, "ताई, तुम्ही जा आता."

वृषाली निघाली. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत तिला खोकला ऐकू येत होता. सरांनी उमाकांतशी जे केलं होतं, ते आपण आत्ता उलट्या बाजूने केलं, हे तिला रस्त्यातच कळलं. सरांनी समोरच्याचा चेहरा न बघता धीर दिला होता, आणि तिने भाभींचा चेहरा न बघता तो काढून घेतला होता. सरांना निदान दिसत तरी नव्हतं.

रविवारी सभागृह खचाखच भरलं होतं. सरांची तसबीर, निशिगंधाचा हार. वक्त्यांनी सरांच्या मरणाचं वर्णन पुन्हा पुन्हा केलं. वृषालीचं नाव पुकारलं गेलं तेव्हा काकू पहिल्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या.

वृषालीने ठरवलेलं भाषण केलं नाही. ती म्हणाली, "तीन वर्षं मी इथे उभी राहून सांगत आले की माझे मिस्टर शांतपणे गेले. ते खोटं आहे. ते घाबरलेले होते. शेवटच्या श्वासापर्यंत. आपल्याला भीती वाटते याची त्यांना इतकी लाज वाटत होती, की माझ्याशीही बोलायचे थांबले. ती लाज त्यांना या वर्गाने दिली. आणि मी दिली."

कुजबुज सुरू झाली. ती थांबली नाही. सरांची भीती विचाराने गेली नव्हती, उपचाराने गेली होती, आणि हे सरांनी लपवलं, हेही तिने सांगितलं. मागून कुणीतरी ओरडलं, "लाज वाटत नाही? मेलेल्या माणसावर?" आयोजक घाईने माईककडे आले. मग ते काकूंकडे वळले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्हीच सांगा हो, हे काय चाललंय?"

सगळं सभागृह काकूंकडे बघू लागलं. काकूंनी मान वर केली, तसबिरीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "खरं आहे ते."

काही माणसं तडक उठून गेली. काही वृषालीला नाही नाही ते बोलली. पाचव्या रांगेतला एक पन्नाशीचा माणूस, ज्याचं नावही तिला ठाऊक नव्हतं, दोन्ही हातांनी तोंड झाकून मोठ्याने रडायला लागला, आणि शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने त्याला अडवलं नाही.

मोकळं झाल्यासारखं वृषालीला वाटलं नाही. माफ करायला सर उरले नव्हते, आणि माफी मागायला उमाकांत.

मंगळवारी दवाखान्याचं पत्र आलं. देहदात्याची गोपनीय माहिती उघड केल्याबद्दल खुलासा मागवला होता आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावर येऊ नये असं कळवलं होतं. पत्रात लिहिलेलं चूक नव्हतं. तिने ते घडी करून ठेवलं.

गुरुवारी सकाळी शबानाचा फोन आला. "अम्मी बोलावतेय."

राबियाभाभी आठवड्यात आणखी खंगल्या होत्या. उशांचा डोंगर करून बसवलं होतं त्यांना. वृषाली बसते न बसते तोच त्या म्हणाल्या, "त्ये मशीन माझ्यावर करा."

"मी आता कामावर नाही, भाभी. पण डॉक्टरांशी बोलते. उद्या शुक्रवार आहे, होईल."

"हुईल न्हवं? दुखत न्हाई?"

"दुखत नाही. दीड तास पडून राहायचं."

"मग लोकं आदी सही घेत्यात, तवा काय वाचून दावत्यात? त्ये सांगा. समदं सांगा. काय बी ठिवू नगा."

वृषालीला ते पत्र तोंडपाठ होतं. तिने एकेक मुद्दा साध्या भाषेत सांगितला. चक्कर येऊ शकते. दोन दिवस डोकं जड राहील. परिणाम सहा महिने टिकतो. भाभी प्रत्येकाला मान हलवत होत्या. सातव्या मुद्द्याला त्यांची मान थांबली.

"म्हंजे? परत सांगा."

"दुसऱ्याच्या तोंडावरची भीती तुम्हाला ओळखू येणार नाही."

"कुनाचीबी?"

"कुणाचीही."

"शबानाची?"

वृषाली म्हणाली, "शबानाचीसुद्धा. ती घाबरली असली तरी तुम्हाला नेहमीसारखीच दिसेल."

भाभींनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत शबाना ओटा पुसत होती. फडकं पिळायची, पुन्हा पुसायची. स्वच्छ झालेला ओटा, आणि तिचा हात थांबत नव्हता. "सकाळधरनं चौथ्यांदा पुसतीया," भाभी हळू आवाजात म्हणाल्या. "बावीस वर्साची हाय. बाप न्हाई. मी गेल्यावर तिला कोन हाय?"

त्यांनी नाकातली ऑक्सिजनची नळी सारखी केली. मग म्हणाल्या, "मग नगं त्ये मशीन."

"भाभी, विचार करा. त्रास कमी होईल तुमचा. आज ठरवायची गरज नाही. मी सांगते म्हणून नाही..."

"तुमी काय बी सांगत न्हाई. माझं मी ठरिवते." त्यांनी दम घेतला आणि जमेल तेवढ्या मोठ्याने हाक मारली, "शबाना! त्ये फडकं ठिव. हिकडं ये."

शबाना दारात आली. हात ओले होते.

"हितं बस. माझ्याजवळ. भ्या वाटतंय न्हवं तुला?"

"नाही अम्मी, कुठं काय," शबाना म्हणाली.

"खोटं बोलू नगंस. दिसतंय मला. मला बी वाटतंय. लई वाटतंय."

शबाना पलंगावर बसली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागली. भाभी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. त्यांचाही चेहरा भीतीने पांढरा पडला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

इथे आपलं काही काम नाही असं वाटून वृषाली हळूच उठायला गेली. भाभींनी मोकळ्या हाताने तिच्या ओढणीचं टोक पकडलं.

"तुमच्यावर माझा राग हाय अजून," त्या म्हणाल्या. "पन बसा."

वृषाली बसली.